बारा नंबरचा कप्पा

१

"मॅडम, नाव एकच आहे आणि तेही कॉम्प्युटरनंच दिलंय. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करायचं," असं म्हणत दिग्विजयसाहेबांनी चहाचा कप सुखदाबाईंच्या पुढ्यात सरकवला.

सुखदाबाईंना हे वाक्य नवीन नव्हतं. बाई वकील, राहायला पिंपळे सौदागरला, आणि गेली बावीस वर्षं त्यांचं काम हेच. कारखान्यात काही विपरीत घडलं की कंपनी बाहेरचा माणूस नेमून आपल्याच कामगाराची चौकशी करते, तो बाहेरचा माणूस म्हणजे या. भोसरीपासून चाकणपर्यंत त्यांच्या सहीचे अहवाल पडलेले. आता खोटं कशाला बोला, त्यातल्या बऱ्याच अहवालांचा निकाल कंपनीला हवा तसाच लागला होता. अलीकडे हे त्यांना जरा जास्तच टोचायला लागलं होतं.

निर्झर प्रेसिंग्ज ही चाकणची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायची. दिग्विजय तिथले प्लांट मॅनेजर. गेल्या बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सहा नंबरचं प्रेस समाधान नावाच्या कामगाराच्या उजव्या हातावर आलं. पोरगा सव्वीस वर्षांचा. तीन बोटं गेली. खरं तर असं होताच कामा नये, कारण प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. बुधवारी ते थांबलं नाही, कारण सेन्सर कुणीतरी बंद करून ठेवला होता.

"कुणीतरी कशाला, हे बघा ना." साहेबांनी छापील कागद पुढे केला. सहा नंबर, सेन्सर बायपास, वेळ दहा बेचाळीस, मेंटेनन्स सुपरवायझर दिपाली, तिच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. "पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही असं बाई स्वतःच म्हणते. पोलीस तुमच्या अहवालाची वाट बघतायत. शनिवारी कस्टमरची माणसं येणार, त्याच्या आत उरकून टाकू."

"ती काय म्हणते?"

"मी केलं नाही म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

"नोकरी जाईल तिची."

"नोकरीचं काय घेऊन बसलात मॅडम, आत जाईल ती. आणि गंमत बघा, त्या समाधानला इथं चिकटवलं तेही हिनंच. गाववाला तिचा. आज तो तिचं तोंड बघायला तयार नाही."

सुखदाबाईंना यात कसलीच गंमत दिसली नाही. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "पाठवा तिला."

२

दिपाली तिशीची, परभणीकडची. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. खुर्चीवर बसता बसता ती बोलायला लागली आणि पहिलं बोलली ते नोकरीबद्दल नव्हतं.

"मॅडम, समाधानला तेवढं कुणीतरी सांगा हो. मी नाही केलं. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पण त्याला असं वाटायला नको. मोशीला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही. त्याच्या आईला शब्द देऊन आणलं मी त्याला. परवा दवाखान्यात गेले, तर भिंतीकडं तोंड करून झोपला."

"बुधवारचं सांग. पहिल्यापासून."

"साडेनऊला कॉम्प्युटर लॉक केला आणि फ्लोअरवर गेले. चार नंबरच्या तेलाच्या टाकीखाली गळती होती, तिथंच पाठीवर पडून काम करत होते. अकरा वीसला ओरडा ऐकला तेव्हाच बाहेर आले."

"टाकीखाली तुला कुणी बघितलं?"

"टाकीखाली कोण वाकून बघतंय मॅडम?"

तेही खरंच. सुखदाबाईंनी विचारलं, सेन्सर बंद करायला कुणी सांगितलं होतं का? दिपालीनं मान हलवली. सेन्सर जुना झालेला, उगाचच मशीन थांबवायचा. नवा सेन्सर द्या म्हणून तिनं तीन वेळा लेखी मागणी केली होती. बुधवारी सकाळी प्रॉडक्शनचे गणराज सर मागे लागले, थोडा वेळ बायपास कर म्हणून. तिनं साफ नाही सांगितलं.

"मग दुसऱ्या कुणी तुझ्या कॉम्प्युटरवरून केलं असेल. लॉक करायला विसरली असशील."

दिपालीची पाठ पहिल्यांदा वाकली. "तेच तर खातंय मला. मी न चुकता लॉक करते. पण त्या आठवड्यात सोमवारी, मंगळवारी परत आले की माउसला हात लावला की स्क्रीन उघडाच. मला वाटलं आपलं डोकं ठिकाणावर नाही, विसरायला लागलो आपण. बुधवारी म्हणून दोनदा बघून लॉक केला. तरी आता वाटतं, मीच विसरले असेन. आणि त्या दिवशी सगळंच उलटं. ॲम्ब्युलन्सला फोन करायला धावले, तर रॅकमध्ये माझ्या कप्प्यात फोनच नाही. दुसऱ्याच कप्प्यात सापडला. अर्धं मिनिट गेलं त्यात. तो तिकडं रक्तात आणि मी फोन शोधतेय."

ती रडायला लागली. सुखदाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि सवयीनं विचारलं, "कुठल्या कप्प्यात सापडला?"

"बारा. माझा एकतीस."

या रॅकचं थोडं सांगायला हवं. निर्झरमध्ये फ्लोअरवर फोन न्यायला सक्त मनाई. फ्लोअरच्या दाराबाहेर, मेंटेनन्सच्या केबिनच्या प्लायवूडच्या भिंतीला एक लांबलचक लाकडी रॅक ठोकलेलं. प्रत्येक कप्प्याला नंबर, प्रत्येकाचा कप्पा ठरलेला, आणि कप्पा एवढासा की एका फोनच्या वर दुसरा बसायचा नाही. आत जाताना फोन कप्प्यात, बाहेर येताना खिशात. केबिनवाले लोक पूर्वी फोन आपल्या टेबलावरच चार्जिंगला सोडून जायचे. मंगळवारी संध्याकाळी साहेबांनी फर्मान काढलं, पुढच्या शनिवारी कस्टमरचं ऑडिट आहे, टेबलावर एकही फोन दिसता कामा नये. त्यामुळे बुधवारपासून सगळे रॅकमध्ये.

नंतर गणराज आले. चाळिशीचे, साताऱ्याकडचे, शर्टाला इस्त्री पण डोळ्याला झोप नाही. समाधानला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात यांनीच नेलं होतं. सीटवरचे डाग अजून गेले नाहीत, असं ते आपणहून म्हणाले.

"मी नऊपासून फ्लोअरवर, मॅडम. ॲक्सिडेंट झाला तेव्हा दोन नंबरपाशी."

"तुम्ही दिपालीला बायपास करायला सांगितलं होतं?"

"छे! मी कशाला सांगू? तिच्यावर आलंय म्हणून ती माझं नाव घेतेय. पोरगी कामाची आहे, पण निष्काळजी. सोमवारपासून बघतोय, कॉम्प्युटर उघडा टाकून जाते. माउस हलवला की स्क्रीन हजर. असं असतं का कुठं?"

शेवटी सिद्धेश. कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल याच्या एकट्याच्या गळ्यात. तो बोलत होता पण बघत होता टेबलाकडे.

"दिपाली मॅडम लॉक करतातच. अख्ख्या कंपनीत त्या एकट्या करतात," तो म्हणाला. "रविवारी मी सगळ्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं अपडेट टाकलं. सोमवारी प्रत्येकाचा फोन त्याच्या कॉम्प्युटरला जोडून दिला, तसा नियमच आलाय आता. बाकी मला काही माहीत नाही."

"अपडेटमध्ये काय बदललं?"

"काही विशेष नाही, मॅडम. असंच, किरकोळ."

हे म्हणताना त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि खोलीत एसी चालू होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदाबाईंनी लॅपटॉप उघडला तर त्यांच्याही लॅपटॉपवर तेच अपडेट येऊन बसलेलं. अहवालाला हात घालायचा तर स्क्रीनवर 'नवीन काय आहे' म्हणून लांबलचक यादी. त्यांनी वैतागून ती बंद करायला बोट नेलं.

"थांब थांब, बंद करू नकोस," सदाशिवराव पोह्यांची बशी घेऊन धावत आले.

सदाशिवराव म्हणजे बाईंचे यजमान, निवृत्त शिक्षक. जगातला प्रत्येक छापील शब्द कुणीतरी वाचावा म्हणूनच छापलेला असतो अशी त्यांची श्रद्धा. औषधाच्या खोक्यातला चुरगळलेला कागद ते भिंग लावून वाचतात. मिक्सरचं माहितीपत्रक वाचून त्यांनी एकदा दुकानदाराशी भांडण काढलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात या सवयीनं सुखदाबाईंच्या डोक्याला किती ताप झाला असेल ते विचारू नका.

"खिडक्यांचे कोपरे गोल केलेत. कशाला ते सांगत नाहीत. घड्याळ डावीकडून उजवीकडे नेलं. आवाजाचं बटण लपवलं, आता बसा शोधत..."

"अहो, मला काम आहे."

"चाळीस मुद्दे आहेत फक्त. सदतिसावा ऐक. 'जोडलेला फोन हाताच्या अंतरावर असल्यास संगणक पासवर्ड न विचारता उघडेल. ही सोय आपोआप चालू केली आहे.' आपोआप! मला विचारलं का कुणी? उद्या घराचं दारही आपोआप उघडं ठेवतील. अडतिसावा, 'असा संगणक उघडल्यास फोनवर तशी सूचना येईल'..."

"परत वाचा."

सदाशिवरावांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ही बाई त्यांना परत वाचा म्हणत होती. त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि शाळेत वाचायचे तसं स्वच्छ आवाजात परत वाचलं.

सुखदाबाईंनी लॅपटॉप लॉक केला. लॅपटॉपला जोडलेला त्यांचा फोन शेजारीच होता. नुसतं बोट टेकवलं आणि स्क्रीन उघडला. वर ओळ आली, सुखदाचा फोन जवळ आहे, स्वागत.

मग त्यांनी फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आता लॅपटॉप पासवर्ड मागत होता.

बिचारी पोरगी, त्यांच्या मनात आलं. सोमवार-मंगळवार फोन टेबलावर चार्जिंगला, म्हणून कॉम्प्युटर उघडा, आणि ती आपली स्वतःलाच दोष देत बसली. पण बुधवारी तर फोन रॅकमध्ये होता. एकतीस नंबर म्हणजे रॅकचं पार दाराकडचं टोक. पण तो तिथं सापडलाच नव्हता.

"पोहे?" सदाशिवरावांनी विचारलं.

बाई चपला घालत होत्या.

४

केबिनमध्ये सुखदाबाई, दिपाली, दिग्विजयसाहेब आणि सिद्धेश. बाईंनी दिपालीला कॉम्प्युटर लॉक करायला लावला. टेबल प्लायवूडच्या भिंतीला अगदी चिकटून होतं. भिंतीपलीकडे रॅक.

"आता फोन बाहेर तुझ्या कप्प्यात ठेव, एकतीसमध्ये." दिपालीनं ठेवला. बाईंनी माउस हलवला. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला.

"आता बारामध्ये."

बारा नंबरचा कप्पा बरोब्बर टेबलाच्या मागे येत होता. मध्ये फक्त बोटभर जाडीचं प्लायवूड. बाईंनी माउस हलवला. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला.

"पटलं ना आता?" साहेबांच्या मिशीत हसू होतं. "मॅडम, हे टीव्हीवर बरं दिसतं."

दिपालीचा चेहरा पांढरा पडला. एवढ्या दिवसांत तिला पहिल्यांदा आशा वाटली होती, आणि तीही गेली.

 घरी उघडतो आणि इथं नाही? अपडेट तर तेच. त्या वळल्या. "साहेब, तुमचा लॅपटॉप आणा. आणि फोन."

साहेबांनी कुरकुरत आणला. लॉक केला, शेजारी फोन ठेवला, बोट लावलं. स्क्रीन उघडला. वर ओळ, दिग्विजय यांचा फोन जवळ आहे, स्वागत. साहेबांचं हसू मिशीतच राहिलं.

"तुमचा उघडतो. माझा उघडतो. सोय आपोआप चालू होते म्हणे. मग हिच्याच कॉम्प्युटरवर ती बंद कशी? आपोआप चालू झालेली गोष्ट बंद करायला माणूस लागतो," बाई म्हणाल्या आणि सिद्धेशकडे बघत राहिल्या.

सिद्धेशची बोबडी वळली. "मॅडम, मी... गुरुवारी सकाळी. ॲक्सिडेंटच्या दुसऱ्या दिवशी यादी वाचली मी. तोवर वाचलीच नव्हती. अठ्ठावन्न मशीन, एकटा माणूस, कोण वाचत बसणार? सदतिसावा मुद्दा बघितला आणि पाचावर धारण बसली. वाटलं, सगळं माझ्यावर येणार. म्हणून ह्या एका मशीनवर बंद करून टाकलं. सेन्सर मी बंद केला नाही, आईची शपथ!"

"आणि ही आत जाणार होती ते दिसत होतं ना तुला?"

त्यानं मान खाली घातली. 

"चालू कर परत."

त्यानं चालू केलं. फोन बारामध्येच होता. कॉम्प्युटर लॉक केला, माउस हलवला आणि स्क्रीन लख्ख उघडला. फोन एकतीसमध्ये नेला, परत बंद.

"दिपाली, फोनवरच्या जुन्या सूचना उघड. बुधवारच्या."

दिपाली बोटानं खाली खाली सरकत गेली. ॲम्ब्युलन्सचा कॉल, भावाचे मिस्ड कॉल, आणि त्यांच्याखाली न वाचलेली एक ओळ. 'तुमचा फोन जवळ असल्याने संगणक उघडला. दहा एक्केचाळीस.'

सेन्सर बंद झाला होता दहा बेचाळीसला. दिपालीनं ती ओळ परत वाचली.

"म्हणजे मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं. तू काही विसरली नव्हतीस." सुखदाबाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, बारा नंबरचा कप्पा कुणाचा?"

 सिद्धेश म्हणाला, "गणराज सरांचा."

५

फ्लोअरच्या दाराशी सरूबाई बसायच्या. साठीच्या, जवळच्याच गावच्या, ठेकेदाराकडून लागलेल्या. हातात दांडक्यासारखं एक यंत्र. आत जाणाऱ्याच्या अंगावरून ते फिरवायचं, फोन असला तर ते किंचाळतं. सकाळी चहाचे कप धुवायचं कामही त्यांच्याकडेच. तेवढा वेळ त्या दाराला आतून कडी घालून आत जायच्या. दिपाली, गणराज, सिद्धेश सगळ्यांचे जबाब झाले होते, सरूबाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मला कोन इचारतंय?" त्या म्हणाल्या.

"मी विचारतेय. बुधवारी कुणी फोन घेऊन आत गेलं का?"

"न्हाई. कुनाचाबी न्हाई. सायबाचाबी सोडत न्हाई मी."

"गणराजसाहेब त्या सकाळी आतच होते?"

"व्हते की, सकाळच्याला. मंग बाहीर गेले. मी साडेधाला कप धुवाया गेले. पावनेअकराच्या सुमाराला येऊन कडी काढली, तर सायब दाराशी हुबे. लई घाईत. मी म्हनलं, फोन ठिवला का? तर म्हनले, गाडीत हाय चार्जिंगला. यंत्र फिरवलं, वाजलं न्हाई. मंग सोडलं." त्यांनी बाईंकडे रोखून बघितलं. "माझं काम जानार का हो यानं?"

सुखदाबाईंना 'नाही' म्हणायचं होतं. पण बावीस वर्षं याच धंद्यात काढल्यावर तसं म्हणवेना. "मी शक्य ते करीन," त्या म्हणाल्या.

"मंग लिवा," सरूबाई म्हणाल्या. "त्या पोराचं रगत मीच पुसलं हितं."

तासाभरानं गणराज समोर बसले होते. दिपाली, सिद्धेश आणि साहेबही होते.

"गणराज, लॉक केलेला असो की उघडा, थोडा वेळ हात लावला नाही की कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा होतो," सुखदाबाईंनी सुरुवात केली. "लांबून बघून तो उघडा आहे की बंद, हे कळत नाही. माउस हलवल्याशिवाय नाही कळत. तुम्ही काल म्हणालात, सोमवारपासून बघतोय, माउस हलवला की स्क्रीन हजर. म्हणजे हिच्या माघारी तुम्ही माउस हलवत होतात. तेव्हा वरची ओळही वाचली असणार. दिपालीचा फोन जवळ आहे, स्वागत."

"स्पेअरची यादी बघायची होती."

"असेल. बुधवारी मात्र फोन टेबलावर नव्हता, रॅकच्या पार टोकाला होता. तो एकतीसमधून काढून कुणीतरी बारामध्ये ठेवला. एका कप्प्यात दोन फोन बसत नाहीत. बारा नंबर तुमचा. तुम्ही नऊपासून फ्लोअरवर असता, तर तुमचा फोन तिथं असता आणि हिचा बसलाच नसता."

"मी फोन बरोबर नेला होता आत. चुकलं माझं."

"सरूबाईंच्या यंत्राला चुकवून? पावणेअकराला दाराशी तुम्हीच त्यांना म्हणालात, फोन गाडीत आहे."

बाईंनी सरूबाईंचा जबाब पुढे सरकवला.

"आणखी एक. काम झाल्यावर फोन परत एकतीसमध्ये ठेवला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. का नाही ठेवला? कारण सेन्सर परत चालू करायला तोच फोन तिथंच लागणार होता. तुमच्या मनात तो चालू करायचा होता. एवढं मी तुमच्या बाजूनं लिहिणार आहे."

या शेवटच्या वाक्यानं माणूस फुटला. गणराजांनी दोन्ही हातांत तोंड झाकलं.

"एक तास हवा होता फक्त," ते म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत चालू करणार होतो. सकाळपासून मशीन दर दोन मिनिटांनी थांबत होतं. ट्रक दाराशी उभा. कस्टमरची लाइन थांबली तर... मॅडम, मी त्याला गाडीत घेऊन चाललो होतो ना, तो मला सॉरी सर, सॉरी सर म्हणत होता. मला. मशीन बंद पडलं म्हणून."

दिपाली उठली आणि खिडकीकडे जाऊन उभी राहिली.

"बाहेर का गेला होतात?" बाईंनी हळूच विचारलं.

"गाडीतल्या फोनवरून बोलायला. इंटरकॉमवर निरोप आला होता आत, साहेबांना फोन कर म्हणून. दहा पस्तीसला बोललो." गणराजांनी वर बघितलं. "साहेब म्हणाले, काहीही कर, पण माल काढ."

सगळ्यांच्या माना दिग्विजयसाहेबांकडे वळल्या.

"म्हणजे दहा पस्तीसला गणराज फ्लोअरवर नव्हते हे तुम्हाला बुधवारपासून माहीत होतं," सुखदाबाई म्हणाल्या. "त्यांचा जबाब काल तुमच्यासमोर वाचून दाखवला, मी नऊपासून फ्लोअरवर. तुम्ही ऐकून घेतलंत. आणि मला म्हणालात, नाव एकच आहे."

"मी बायपास कर असं म्हटलं नव्हतं."

"नाही. तेही लिहीन. तीन वेळा मागितलेला सेन्सर दिला नाही, तेही लिहीन."

"मॅडम, यापुढे तुम्हाला बोलावताना आम्हाला विचार करावा लागेल."

"करा," बाई म्हणाल्या आणि कागद गोळा करायला लागल्या.  

६

शुक्रवारी दुपारी दिपालीचा फोन आला. समाधान घरी आलाय, मला एकटीला जायचा धीर होत नाही, तुम्ही याल का? असल्या ठिकाणी सुखदाबाई कधी जात नसत. अहवाल दिला की त्यांचं काम संपायचं. पण त्या गेल्या.

मोशीची नवीन बिल्डिंग, चौथा मजला. समाधानच्या आईनं, गोजाबाईंनी दार उघडलं आणि दिपालीला बघून बाजूला झाल्या. समाधान पलंगावर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. त्यानं मान वळवली नाही.

सुखदाबाईंनी सगळं सांगितलं. फोन कसा हलवला, कॉम्प्युटर कसा उघडला, गणराजांनी काय कबूल केलं. पोलिसांनी दिपालीचं नाव वगळल्याचंही सांगितलं. वकिली भाषा टाळून, सावकाश.  गोजाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"ऐकलंस ना रे?" दिपालीनं विचारलं. "मी नव्हतं केलं."

"मला ठावं होतं," समाधान म्हणाला.

दिपाली बघतच राहिली. "मग? मग माझ्याशी बोलत का नव्हतास?"

त्यानं पट्टीकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी सकाळपासून मशीन अडू अडू राहिलं होतं. मी हात घालताना बिचकून घालायचो, कवा थांबतंय, कवा नाही. मग पावणेअकरापासून ते अडायचंच बंद झालं. एकदाबी नाही. मला वाटलं, ताईनं नीट केलं. तू म्हणली होतीस ना, माझ्या हयातीत तुझं मशीन बिघडू देणार नाही. मग मी बिनघोर झालो. हात बिनघोर घातला."

 खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजत होता.

"तुला हे कसं सांगू, कळना झालं," समाधान म्हणाला. "तू रडली असतीस."

दिपाली रडत होतीच. आवाज न करता, जमिनीवर बसून, कपाळ पलंगाच्या लोखंडी कडेला टेकवून. सुखदाबाईंना वाटलं, काहीतरी बोलावं. यात तुझा काय दोष, वगैरे. पण एवढा मोठा अहवाल लिहिणाऱ्या बाई नुसत्याच तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

समाधाननं डावा हात पुढे केला आणि अवघडून, सवय नसलेल्या हातानं, दिपालीच्या खांद्यावर थोपटलं.

"ताई, उद्या ड्रेसिंगला जायचंय," तो म्हणाला. "गाडी चालवता येत नाही. नेशील का?"

"नेते," दिपाली म्हणाली. "कितीला जायचं?"